तिसऱ्यांदा विचारतील म्हणून

आधीच माफी मागून ठेवतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. बाबा नागपूरला विजेच्या खांबांवर चढणारे लाइनमन, आई घर सांभाळून शिलाई करणारी. लिहावं ते ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट असतं त्यांनी, असंच मी धरून चाललो होतो. त्यातून विषय अमेरिकन फुटबॉलचा, आणि त्या चेंडूला मी आजवर पाय सोडाच, धड हातसुद्धा लावलेला नाही. एका कोचने नोकरी बदलली, त्यात तू कशाला लिहायला हवंस, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच की गेले काही महिने मी स्वतःवर, कोचवर आणि अधूनमधून सगळ्या जगावर इतका वैतागलोय, की हे कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय मला दुसरं काही सुचायचं नाही.

मी इलिनॉयमधल्या एका लहानशा विद्यापीठात संख्याशास्त्रात मास्टर्स करतो. चहूबाजूंनी मक्याची शेतं, मध्ये विद्यापीठ आणि विद्यापीठाच्या मधोमध स्टेडियम. पहिल्याच सेमिस्टरला कॅम्पसवरचं काम शोधताना मी ‘व्हिडिओ’ असं लिहिलेल्या एका कागदावर नाव घातलं. मला वाटलं, लेक्चरं रेकॉर्ड करायची असतील. निघाली फुटबॉलची प्रॅक्टिस. मैदानाच्या कडेला तीन मजले उंच जाणारा एक लोखंडी पाळणा होता. त्यात कॅमेरा घेऊन उभं राहायचं, प्रत्येक डाव टिपायचा आणि मग खोलीत बसून त्या फिल्मचे तुकडे करून प्रत्येकावर नोंद करायची, की कोण कुठे उभा होता, काय खेळले आणि काय झालं. पाळण्यातून बाबांना फोटो पाठवला तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तूही खांबावरच चढतोस तर.” खूश झाले होते.

खेळ मला कळत नव्हता, पण नोंदी कळत होत्या. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, एवढं मला पहिल्या आठवड्यात समजलं. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्यावेळी बहुतेक कोच चेंडू लाथेने दूर टोलवून समोरच्यांना देऊन टाकतात. मी जुन्या फिल्म पाहत गेलो तसं मला वाटू लागलं, की आपण फार लवकर देऊन टाकतो. कुठे थांबावं आणि कुठे चौथ्यांदाही पुढे जावं, याचा मी एक पानभर तक्ता केला. आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. कुणी विचारलं असतं तर दाखवला असता.

तो बाहेर काढला माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीने. ती तिथलीच, शेतकऱ्याच्या घरातली, मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा कॅमेरा तिच्याकडे असायचा. स्टेपलर शोधताना तिला कागद सापडला. तिने तो सरळ नेऊन कोचच्या टेबलावर आपटला आणि परत येऊन मला म्हणाली, “डूड, तू हे काय लोणचं घालायला ठेवलं होतंस?” (तिने लोणचं म्हटलं नव्हतं, पण अर्थ तोच.)

कोच साठीला टेकलेले, दोन्ही गुडघे गेलेले. खूश असले की ओरडायचे आणि चिडले की अगदी हळू बोलायचे. त्या दिवशी ते कॉरिडॉरच्या त्या टोकापासून ओरडत आले. माझं नाव त्यांना कधीच नीट घेता आलं नाही, त्या दिवसापासून ते मला ‘प्रोफेसर’ म्हणू लागले. आणि खरं सांगतो, आयुष्यात मला आधी कुणी तसं काही म्हटलं नव्हतं. त्या सीझनला आम्ही जिंकत गेलो. तक्त्यामुळे जिंकलो असं मी म्हणणार नाही, मुलं चांगली होती. पण चौथ्या प्रयत्नाची वेळ आली की कोच एकदा वर, माझ्या पाळण्याकडे पाहायचे. मला तिथून काही सांगता येत नसे, तरीही पाहायचे.

जिंकणाऱ्या कोचला मोठी विद्यापीठं उचलतात, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला नव्हतं. डिसेंबर लागला तसे गावातले लोक फोनवर विमानांचा माग काढायला लागले, कुठल्या विद्यापीठाचं आपल्याकडे येतंय म्हणून. मी केस कापायला गेलो तर न्हावी एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभा. दोन राज्यं पलीकडच्या एका बड्या विद्यापीठाचं खासगी विमान आमच्या जवळच्या धावपट्टीवर उतरलं होतं. “बियाणं विकायला आलंय का ते?” तो आरशातून माझ्यावरच खेकसला. “गेला. हाही गेला. गेल्या वेळी कोच गेला तेव्हा मी म्हटलं होतं, आता कुणावर जीव लावायचा नाही.” माझे केस त्या वैतागात एका बाजूला जास्तच कापले गेले.

खेळाडूंना बातमी फोनवर कळली, मीटिंग नंतर झाली. ती पाच मिनिटंही चालली नसेल. कोच अगदी हळू आवाजात म्हणाले, की तुमचा मला अभिमान आहे, मला निघावं लागेल. मागच्या रांगेत एक धिप्पाड मुलगा तोंडावर टॉवेल धरून रडत होता. ह्याच कोचने त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून ‘चार वर्षं तुमचा मुलगा माझा’ असं सांगितलं होतं, हे तो सगळ्यांना कौतुकाने ऐकवायचा. मला कोचचा राग आला. तो राग खरा होता, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

त्याच दुपारी त्यांनी मला हार्ड डिस्क न्यायला ऑफिसात बोलावलं. खोकी भरून झाली होती. त्यांचा फोन सारखा थरथरत होता, तो त्यांनी उलटा करून ठेवला आणि म्हणाले, “प्रोफेसर, माझ्याबरोबर चल. तिकडे अॅनालिस्टची एक जागा माझ्या हातात आहे. मे महिन्यात तुझी डिग्री होईल, जूनपासून ये. व्हिसाचं त्यांचं ऑफिस बघेल.”

इथल्या परक्या विद्यार्थ्याला डिग्रीनंतर ठराविक मुदतीत नोकरी मिळवावी लागते, नाही मिळाली तर सामान बांधून परत. मी सहा महिने अर्ज करत होतो आणि ‘आम्ही तुमचा विचार करू शकत नाही’ अशा मेल गोळा करत होतो. आणि इथे समोरचा माणूस मला हवं तेच काम, हव्या त्या माणसाच्या हाताखाली, नुसतं ‘चल’ म्हणून देत होता.

मी म्हणालो, “नको नको, कोच. तुम्ही माझ्यासाठी आधीच खूप केलंय. मी इथे ठीक आहे.”

हे मी का म्हणालो ते सांगायला हवं. आईची लहानपणापासून एक शिकवण होती. कुणाकडे गेलो आणि समोर काही आलं, तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको. तिसऱ्यांदा विचारलं तर घ्यायचं, तेही थोडं. “आपण पहिल्याच वेळी हात पुढं केला तर लोक म्हणतील, यांनी कधी पाहिलंच नव्हतं,” ती म्हणायची. आपल्याबद्दल असं म्हणायला लोक टपलेलेच असतात, हे ती बोलत नसे, पण ते मला वस्तीबाहेरच्या शाळेत गेल्यावर आपोआप कळलं. तिसरीत एका मित्राच्या वाढदिवसाला मी दोनदा केक नको म्हटलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. घरी येऊन सांगितलं, तर आईने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “शाबास.” ही शाबासकी माझ्या अंगात इतकी मुरली आहे, की तोंडातून ‘नको’ निघतं तेव्हा मी विचार केलेलाच नसतो.

कोचनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. “नक्की?” त्यांनी विचारलं.

माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्यांदा विचारलं होतं. म्हणजे सगळं रीतीने चाललं होतं, आता एकच पायरी राहिली.

“नक्की,” मी म्हणालो.

“ठीक आहे, प्रोफेसर,” ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी तो हातात घेतला. आणि अगदी खरं सांगतो, हात हलवतानासुद्धा मी वाट पाहत होतो. त्यांनी फोन उचलला. मी हार्ड डिस्क घेऊन बाहेर आलो आणि दाराबाहेर थोडा वेळ उभा राहिलो, म्हणजे त्यांना मला हाक मारायची झाली तर लांब जायला नको.

फिल्मच्या खोलीत आलो तर ती मुलगी खुर्चीवर गोल गोल फिरत होती. तिची डिग्री त्याच महिन्यात संपत होती. “मी चालले कोचबरोबर,” ती म्हणाली. “कॅमेऱ्याचं काम.”

“तुला विचारलं त्यांनी?”

“छे. मीच आत गेले, म्हटलं मला न्या. ते म्हणाले, बरं. तुला काय दिलं?”

मी सांगितलं. तिची खुर्ची थांबली.

“तू नाही म्हणालास?”

“नाही म्हणालो असं नाही. पहिल्यांदा तसं म्हणायचं असतं.”

“कुठे?”

ती उठलीच, आत्ता जाऊन सांगते म्हणाली. मी दारात आडवा उभा राहिलो. तू काही बोलू नकोस, बरं दिसणार नाही, मला वचन दे, असं म्हणालो. “बरं कुणाला दिसणार नाही? त्या खोक्यांना?” ती ओरडली. पण वचन दिलं, आणि ती दिलेलं वचन पाळणारी मुलगी आहे, हे माझं आणखी एक दुर्दैव.

आईला फोनवर सांगितलं तर ती माझ्यावर नाही, कोचवरच चिडली. “तिसऱ्यांदा विचारलंच नाही? बाप्पा! असे कसे लोक? एवढा मोठा माणूस अन् रीत माहीत नाही?” मागून बाबा म्हणाले, “अवं, त्याले घाई असन.” मग दोघं आपसातच वाद घालायला लागली आणि मी फोन हातात धरून बसलो.

सुट्टीत मी शॉमबर्गला काकांकडे गेलो. सख्खे नव्हेत, आमच्या विहारातल्या ओळखीतले, नागपूरचेच. गेली बरीच वर्षं तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहेत. दारात जय भीम झालं आणि काकूंनी थेट जेवायलाच बसवलं. झुणका, भाकरी, वांग्याची भाजी. दोन भाकऱ्या झाल्यावर काकू तिसरी घेऊन आल्या.

“नको काकू, खरंच झालं.”

“गप. वाळून काटकी झालायस.” भाकरी पानात पडली. मी चौथीला पानावर दोन्ही हात आडवे धरले, तर त्यांनी ती माझ्या मनगटावर ठेवली. मला हसू आलं. इतके दिवस मी ज्याची वाट पाहत होतो ते हे होतं. ते ह्या घरात होतं आणि त्या ऑफिसात नव्हतं, एवढी साधी गोष्ट मला दीड वर्ष अमेरिकेत राहून दिसली नव्हती.

मी सगळं सांगून टाकलं. काकांनी कपाळावर हात मारला. “अरे यार, तो कोच आहे की मुलीकडचा मामा? आग्रह करत बसेल तुला? इथे नो म्हणजे नो, विषय कॅन्सल.”

काकांची पंधरा वर्षांची मुलगी समोर बसून भाकरीला पीनट बटर लावत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजी. “तीनदा कशाला विचारतील?” ती म्हणाली. “दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे छळ. आम्हाला शाळेत शिकवलंय.”

“तू गप गं,” काकू म्हणाल्या, आणि तिच्याही पानात भाकरी टाकली.

काकांनी लॅपटॉप उघडला. आत्ता मेल लिही, म्हणाले. मी लिहायला लागलो तर मुलीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि एक ओळ टाइप केली. मला ती नोकरी हवी आहे, जागा अजून आहे का? “झालं. सेंड कर.” काका म्हणाले, बरोबर आहे पोरीचं. मी म्हणालो, हो, करतो, फक्त सुरुवातीला नमस्कार घालतो.

ते सगळे टीव्हीसमोर गेले आणि मी त्या ओळीकडे बघत बसलो. मला ती ओळ एखाद्याच्या दारात जाऊन ताट वाजवल्यासारखी वाटत होती. आधी मी नमस्कार घातला. मग नव्या जागेसाठी अभिनंदन. मग तुम्ही मला प्रोफेसर म्हणायचात ते मी विसरणार नाही, हे लिहिलं, आणि ते अगदी मनापासून होतं. मग चौथ्या प्रयत्नाबद्दल चार वाक्यं. एवढं सगळं झाल्यावर तिची ओळ खाली फार उघडी दिसायला लागली. मी ती खोडली आणि लिहिलं, ‘माझा कधी काही उपयोग होण्यासारखा असेल, तर मी आहेच.’ मला वाटलं, समजणाऱ्याला एवढं पुरे. सेंड केलं.

काकांनी आतून विचारलं, “पाठवलीस?” मी म्हणालो, “हो काका.” खोटं नव्हतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं, कोचच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी. तुमच्या सुंदर शब्दांनी कोचना फार आनंद झाला, असं होतं, आणि शेवटी एक उद्गारचिन्ह. ते मी किती वेळा वाचलं असेन कोण जाणे. ‘आनंद झाला’ ह्यात काही आहे का? उद्गारचिन्ह उगाच कुणी देत नाही. आता विचार करत असतील, मग कळवतील. जानेवारी संपला. फेब्रुवारीत मी फोन खिशात न ठेवता हातात घेऊन क्लासला जायला लागलो. दुसरीकडे अर्ज चालू होतेच, तिथूनही रोज नकार येत होते, पण ते निदान पहिल्याच ओळीत नाही म्हणत.

सगळ्यात वैताग ह्याचा, की मला चूक कळून चुकली होती. काकूंच्या पानावरच कळली होती. तरी सरळ फोन लावून ‘मला न्या’ म्हणायला माझा हात उठेना. आकडे पाहून दुसऱ्यांना चौथ्यांदाही पुढे जा म्हणून सांगणारा मी, आणि एक वाक्य मागायचं तर माझी जीभ टाळ्याला चिकटते. नवे कोच आले होते. ते पाळण्याकडे पाहत नाहीत, आणि चौथ्यावेळी दर वेळी चेंडू लाथेने देऊन टाकतात. वर उभं राहून मी ते टिपत असतो.

एप्रिलमध्ये एका दुपारी त्या मुलीचा फोन आला. मी फिल्मचे तुकडे करत होतो. तिच्या मागे नव्या मैदानावरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. बराच वेळ ती जेवणाचं, घराचं, तिथल्या मोठ्या कॅमेऱ्यांचं बोलत राहिली. ती अशी घोळवून बोलत नाही, म्हणून मी चालू फिल्म थांबवली.

“कोच आज तुझ्याबद्दल विचारत होते,” ती शेवटी म्हणाली. “कसा आहे म्हणून. तेव्हा बाकीचं बोलणं निघालं आणि मला ते आजच कळलं. आधी माहीत असतं तर मी वचनबिचन काही पाळलं नसतं.”

“काय कळलं?”

“तुझी जागा त्यांनी भरली नव्हती. त्यांना वाटत होतं तू रागावलायस, ते आपल्या टीमला टाकून गेले म्हणून. आणि तू रागात नाही म्हणालास. म्हणून ते थांबले होते, राग उतरला की पोरगा आपणहून विचारेल, म्हणत.”

“मग?”

“मग तुझी ती मेल आली. त्यांनी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवली, मी तेव्हा तिथे नव्हते. फार खूश झाले म्हणे. म्हणाले, चला, पोरगा माझ्यावर रागावलेला नाही, त्याला खरंच तिथेच राहायचंय. आणि त्याच दुपारी त्यांनी दुसऱ्याला फोन लावला.”